आठ महिने डोळ्यांत थेंब घातल्यावर

जीएसटी रिटर्न भरायचं काम, त्यामुळे दिवसाचे दहा तास स्क्रीनसमोर. गेल्या पावसाळ्यात डोळ्यांतून सारखं पाणी गळायला लागलं. डॉक्टर म्हणाले, डोळे कोरडे आहेत. मला हसूच आलं. मग त्यांनी पिवळा रंग घालून निळ्या उजेडात बघितलं. अश्रूंचा थर निदान दहा सेकंद टिकायला हवा, माझा चारातच फुटत होता. पापणीच्या कडेच्या ग्रंथींतलं तेल घट्ट झालेलं, म्हणून अश्रू लगेच सुकतात आणि डोळा चुरचुरून आणखी पाणी सोडतो.

ओलावा देणारे थेंब दिले, कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोज ०.५ टक्के, दिवसातून चारदा. घातले की गार वाटतं, पण तासाभरात पुन्हा खुपायला लागतं. मी आपली सहा-सात वेळा घालायला लागले, तर आगच व्हायला लागली. त्या बाटलीत प्रिझर्व्हेटिव्ह होतं, म्हणजे थेंब खराब होऊ नयेत म्हणून घातलेलं रसायन. ते इतक्यांदा घालायचं नसतं, हे मला तेव्हा कळलं. आता एकेकदा वापरून टाकायच्या छोट्या कुप्या घेते. महाग पडतात, आणि टोक पिरगळून तोडलं की पहिला थेंब हमखास गालावर.

खरा फरक पडला तो शेकाने. गरम पाण्यात पिळलेला पंचा मिटल्या डोळ्यांवर दहा मिनिटं, मग पापण्यांच्या कडेला हलकं बोट. पंचा दोन मिनिटांत गार होतो, म्हणून पातेलं शेजारीच ठेवते. सासूबाई विचारतात, "रोज कुणाची दृष्ट काढतेस गं?" तीन आठवड्यांत सकाळी पापण्या चिकटायच्या थांबल्या.

निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्याचे अठराशे रुपये मात्र पाण्यात. दुकानदाराने निळा टॉर्च मारून दाखवला आणि मी भुलले. वैद्यकीय संशोधनं एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३च्या आढाव्यातही अशा काचांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो असं दिसलं नव्हतं. आधी वाचायला हवं होतं.

त्यापेक्षा मॉनिटरखालचे कायद्याचे दोन जाडे ग्रंथ काढले ते बरं झालं. नजर खाली राहिली की डोळा कमी उघडा पडतो. पापणी मिनिटाला पंधराएक वेळा लवते, स्क्रीनसमोर पाच-सातवर येते. त्यासाठी कीबोर्डवर चिठ्ठी चिकटवलीय, 'मिट'.

रिटर्न भरायची वीस तारीख जवळ आली की चिठ्ठीकडे लक्षच जात नाही. त्या आठवड्यात कुप्या दुप्पट लागतात.