चंद्रपतंग की टसर?

नागपूरभोवतीच्या पानझडी जंगलात पतंग शोधायचा तर कोणता? देखणा म्हणाल तर चंद्रपतंगच. फिकट हिरवे पंख, मागे लांब शेपट्या. त्याच्या अमेरिकी भाऊबंदावरच्या प्रयोगांत दिसलं, की अशा शेपट्यांमुळे वटवाघळाचा नेम चुकतो.

तरी माझं मत टसरला, म्हणजे ज्याच्या कोषापासून टसर रेशीम मिळतं त्या पतंगाला. पंखांवर काचेसारखे आरपार, डोळ्यांसारखे ठिपके, आणि ऐन-अर्जुनाचा पाला खाणारी अळी फांदीला देठ बांधून टणक कोष लटकवते. भंडारा-गडचिरोलीकडच्या काही ढीवर (मूळच्या मासेमार समाजातल्या) कुटुंबांचं पोट याच कोषांवर.

प्रौढपणी दोघंही काही खात नाहीत, थोड्याच दिवसांत संपतात. पण चंद्रपतंगाचा कोष पानांत गुंडाळलेला, सापडणं कठीण. टसरचा मात्र पानगळीनंतर उघड्या फांदीवर दुरूनही दिसतो.