जाळीची पेटी घ्या, रबरी अळ्या राहू द्या

पहिली-दुसरीच्या वर्गासाठी ‘फुलपाखराचे जीवनचक्र’ या नावाने सांगलीच्या शैक्षणिक साहित्याच्या दुकानांत जो संच मिळतो, त्यात दोन गोष्टी असतात: अंडी, अळी, कोष आणि फुलपाखरू अशी चार रबरी मॉडेल्स आणि घडीची जाळीची पेटी. पेटी चांगली आहे. मॉडेल्स मात्र आपल्या मुलांसाठी नाहीत.

त्यातलं केशरी-काळं फुलपाखरू मोनार्क, म्हणजे अमेरिकेतलं. त्याच्यासारखा दिसणारा आपल्याकडचा प्लेन टायगर, तो बांधावरच्या रुईवर वाढतो. अळ्याही वरवर सारख्याच दिसतात, पण मोनार्कच्या अळीला काळ्या लांब तंतूंच्या दोन जोड्या असतात आणि प्लेन टायगरच्या अळीला तीन. सहा-सात वर्षांची मुलं हे बरोबर मोजतात आणि ‘बाई, यातलं चुकलंय’ म्हणून सांगतात. म्हणून पेटी सुटी मिळाली तर तेवढीच घ्यावी.

पेटी निवडताना उंची पाहा. 60 सेंटीमीटर उंचीची पेटी पुरते. 30 ची घेऊ नका. कोषातून बाहेर आलेल्या फुलपाखराला उलटं लटकून पंख सुकवायला मोकळी जागा लागते. ती मिळाली नाही तर पंख चुरगळलेले राहतात आणि पुढे सरळ होत नाहीत. एका बाजूला पारदर्शक प्लास्टिक असतं, ते बघायला छान, पण ती बाजू उन्हाकडे करू नका, आत फार तापतं. खरी खोट चेनमध्ये आहे. दोन्ही चेन जिथे मिळतात त्या कोपऱ्यात फट राहते आणि तेवढ्यातून लाल मुंग्या शिरतात. तिथे कापसाचा बोळा दाबा आणि टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा.

लहान मुलांसाठी लिंबावरची (कागदी लिंबू, कडुलिंब नव्हे) अळी सगळ्यात सोयीची. रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते, त्यामुळे रुईची फांदी मुलांच्या हातात देऊच नये. लिंबाच्या कोवळ्या पानावर मोहरीपेक्षा लहान, फिकट पिवळं, गोल अंडं दिसलं की पान देठासकट तोडून डबीत ठेवा आणि वर मलमलचा कपडा बांधा. नुकती निघालेली अळी पेटीच्या जाळीतून सहज निसटते. तीन-चार दिवसांत ती बाहेर येते आणि बहुधा आपलं अंड्याचं कवच आधी खाते. सुरुवातीला ती काळपट-पांढरी, हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. शेवटची कात टाकली की हिरवीगार होते. तिला डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी-लाल दुशिंगी अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. मुलांना हे एकदा दाखवा, पुन्हा पुन्हा नको. अळी बोटाने उचलू नये, खालचं पानच कापून हलवावी.

आता पेटीत. लहान बाटलीत पाणी, त्यात लिंबाची फांदी, आणि बाटलीचं तोंड कापसाने गच्च बंद, नाहीतर अळ्या देठावरून उतरून बुडतात. एका पेटीत चार-पाचच अळ्या. खाली वर्तमानपत्र घालून ते रोज बदला. ओली लेंडी साचली की बुरशी येते. शनिवारी सकाळची शाळा सुटताना दोन ताज्या फांद्या ठेवून जा, कारण मोठी अळी रविवारभर उपाशी राहिली तर मरते.

अळ्या मरण्याचं सगळ्यात मोठं कारण फवारणी. लिंबाच्या पानांऐवजी बाजारातला कढीपत्ता देऊ नका, कितीही धुतला तरी. तासगाव-मिरज पट्ट्यात ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत फवारण्या सुरू झाल्या की बांधावरच्या लिंबावरही औषध उडतं. जुलै-ऑगस्टमध्ये, अंगणातल्या बिनफवारणीच्या झाडावरून सुरुवात करा. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण चार आठवडे लागतात, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत अडकत नाही.

पातळ लेंडी टाकून अळी भिंतीवर फिरू लागली की ती कोषाच्या तयारीत आहे. दोन-तीन वाळक्या काड्या तिरक्या लावा, नाहीतर ती चेनच्या कडेलाच कोष करते आणि चेन ओढताना चिरडते. कोष हिरवा होईल किंवा तपकिरी, मुलांना आधीच अंदाज लिहायला सांगा. काळसर होऊन आतले पंख दिसू लागले की बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी फुलपाखरू येतं. खाली लालसर थेंब पडतात. ते रक्त नाही, कोषातलं टाकाऊ द्रव्य आहे, हे आधीच सांगून ठेवा. कोषाला बारीक गोल भोक पडून त्यातून चिमुकल्या गांधीलमाश्या निघाल्या, तर ते परजीवींचं काम. तेही फेकून न देता वर्गाला दाखवावं.

पंख ताठ झाले की दोन-तीन तासांनी, ऊन असताना, लिंबाजवळ सोडा. पेटी साबणाच्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवा आणि मगच पुढची अंडी आणा.