320 रुपये वाचवले, मक्यात 11,840 घातले

बिनबिलाचं तणनाशक कसं खपवतात ते इथं कोणाला शिकवायला नको. "बिल पाहिजे तं 340, नसंल पाहिजे तं 260." अ‍ॅट्राझिन 50 टक्के पावडर, अर्ध्या किलोचा पुडा. चार एकर मका, चार पुडे, 1,040 रुपये. हातात एस्टिमेटची चिठ्ठी. तिच्यावर ना बॅच नंबर, ना दुकानाचं नाव.

म्हणे 18 टक्के जीएसटी वाचतो. आकडेमोड तिथंच करायची होती. 340 मधून जीएसटी काढला तर 288 उरतात. मग हा 260 ला कुठून देतो? हा हिशेब सुचला तण वर आल्यावर.

पुडा फोडल्यावर तरी डोळे उघडायचे. खरी पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवली की दुधासारखी फुलते, हळूहळू बसते. ही मिनिटभरात तळाला. वर पाणी जवळपास नितळ, काठीला चुन्यासारखा गाळ. तिसऱ्याच पंपाला नोझल तुंबलं. जाळी धुतली अन् मारत राहिलो! एक्सपायरीवर स्टिकर चिकटवलेलं होतं, तेही नखानं खरवडलं नाही. घाई होती हो. पेरणीनंतर दोन-तीन दिवसांत, तण उगवायच्या आत मारावं लागतं. मारण्यात चूक नव्हती: वावरात ओल होती, एकरी 16 लिटरचे 12 पंप पाणी होतं. पंपाला 40 रुपये मजुरी, 48 पंपांचे 1,920.

पंधराव्या दिवशी माठ आणि घोळ ही तणं हिरवीगार. लव्हाळा असता तर समजलो असतो, तो अ‍ॅट्राझिनला दाद देतच नाही. पण घोळ? मग टेम्बोट्रिओन, म्हणजे उगवलेल्या तणावर मारायचं तणनाशक, एकरी 115 मिली, चार एकरांचे 5,600. त्यात मिसळायला पक्क्या बिलाचे चार पुडे, 1,360. फवारणी पुन्हा 1,920. तण दोन-चार पानांवर असतानाच हे चालतं, म्हणून उसनवारी करून मारलं.

कृषी कार्यालयात तक्रारीला गेलो तर पहिला प्रश्न, "पक्कं बिल?" दुसरा, "सीलबंद पुडा?" फोडलेल्याचा नमुना घेत नाहीत. म्हटलं, दुकानात जाऊन सीलबंद पुडा उचला, तुम्हाला अधिकार आहे. साहेब दौऱ्यावर. पुढच्या सोमवारी मीटिंगला. तिसऱ्यांदा, अर्ज आवक-जावकमध्ये द्या. पोच मागितली तर बाबूचं तोंड वाकडं. तोवर दुकानातले पुडे गायब. बिल देणं विक्रेत्यावर कीटकनाशक नियम 1971 नुसार बंधनकारक आहे (कायद्याच्या हिशेबात तणनाशकही कीटकनाशकच), पण बिल मिळालं नाही याचा जाब शेतकऱ्यालाच! शेवटी पुड्यात काय होतं ते लॅबच सांगणार, आणि लॅबपर्यंत पुडा कोणी जाऊ देत नाही.

एक पुडा न फोडता ठेवा, पीक निघेपर्यंत. बिलावर बॅच नंबर लिहून घ्या, पुड्याशी जुळवा, मगच पैसे द्या. स्टिकरवर स्टिकर दिसलं की उठा. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, पण तिथंही बिलाशिवाय बोलायला जागा राहत नाही. ग्राहक हेल्पलाइन 1915.

आणि पहिला फवारा फेल गेला म्हणून दुसऱ्या वेळी दुप्पट अ‍ॅट्राझिन ओतू नका. ते जमिनीत मागं राहतं, अन् मक्यानंतरचा हरभरा पिवळा पडला की त्याची तक्रार घ्यायला तर टेबलच नाही.