५०-३४ क्रँकवरची पिन-रॅम्पवाली चेनरिंग : पावसाळा ते उन्हाळा वापरून झाल्यावर

माझ्या रोडबाईकला शिमानो टियाग्राचा ४६५० क्रँक (पॅडलचे दांडे आणि पुढच्या दातेरी चकत्यांचा संच) आहे. पाच बोल्टचा, ११० मिमी बीसीडी (बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास), पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चेनरिंग, म्हणजे चेन फिरते त्या चकत्या. मोठ्या चेनरिंगचे दाते झिजून एका अंगाला हुकासारखे वळले, म्हणून गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर ती बदलायला काढली. दुकानात आधी एक साधी ५० दात्यांची रिंग बसवून मिळाली. बीसीडी तेच, दाते तेवढेच, किंमतही कमी. समोरून पाहिलं तर मूळ रिंगपेक्षा वेगळं काहीच दिसत नव्हतं.

फरक पुण्याजवळच्या बोपदेव घाटात कळला. चढ संपून सासवडकडे उतरताना लहानावरून मोठ्या रिंगवर चेन चढवायची असते आणि पुढे चढउतार असल्यामुळे हे वारंवार करावं लागतं. साध्या रिंगवर लिव्हर पूर्ण दाबून धरला तरी चेन दात्यांच्या कडेला घासत राहायची, करकर करायची आणि मग एकदम धाडकन चढायची. केबल ताणून पाहिली, चेन सरकवणाऱ्या पुढच्या डिरेलरची उंची तपासली, काहीही उपयोग झाला नाही. शेवटी दोन्ही रिंगा काढून आतली बाजू शेजारी शेजारी ठेवली. जुन्या रिंगच्या आतल्या अंगाला रिव्हेट केलेल्या पोलादी पिना आणि कोरलेल्या तिरक्या खाचा, म्हणजे रॅम्प, होत्या. नवी रिंग आतून ताटासारखी गुळगुळीत.

हिशेब सोपा आहे. चेनची एक कडी १२.७ मिमीची. त्यावरून ५० आणि ३४ दात्यांच्या त्रिज्या काढल्या तर फरक साधारण ३२ मिमी येतो. म्हणजे चेनला सव्वातीन सेंटिमीटर वर चढायचं असतं, तेही पायाचा जोर चालू असताना. डिरेलर चेनला फक्त बाजूला ढकलतो, वर उचलत नाही. उचलण्याचं काम त्या पिना आणि खाचांचं.

म्हणून पिन-रॅम्पवाली रिंग मागवली. दुसऱ्याच कंपनीची, पण ३४च्या जोडीसाठी बनवलेली. ही जोडी पाहून घ्यायलाच हवी, कारण पिनांची जागा आतल्या रिंगच्या दात्यांवरून ठरते. नीट बसल्यावर सायकल स्टँडवर लावून पॅडल हाताने अगदी हळू फिरवलं. चेनच्या बाहेरच्या पट्टीची कड पिनेवर टेकते, पीन तिला घेऊन वर येते, वर आल्यावर दोन-तीन बुटके दाते लागतात, त्यांच्यावरून चेन सहज मोठ्या रिंगवर सरकते आणि पुढच्या पूर्ण उंचीच्या दात्यात बसते. हे एकदा डोळ्यांनी पाहावंच. त्यानंतर लिव्हर दाबताना हात आपोआप हलका होतो.

त्या बुटक्या दात्यांबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. पुष्कळ ठिकाणी ते दाखवून 'दाते गेले, रिंग बदला' असं सांगितलं जातं. ते गेलेले नसतात, कारखान्यातूनच तसे येतात. ओळखायचं कसं? मुद्दाम कापलेले दाते गटाने असतात आणि तसाच गट रिंगच्या बरोबर समोरच्या बाजूलाही सापडतो. झीज तशी जागा निवडून येत नाही. ती सगळीकडे पसरते आणि दात्यांची एकच बाजू खाते. समोरासमोर गट असण्याचं कारण आपल्या पायात आहे. पॅडल आडवे असताना जोर सर्वांत जास्त लागतो, उभे असताना सर्वांत कमी. चेन चढायची ती याच ढिल्या क्षणी चढावी, म्हणून ती जागा रिंगवर आखून दिलेली असते.

इथेच पाच बोल्टच्या क्रँकची गोम आहे. रिंग पाच प्रकारे बसते आणि त्यांतला एकच बरोबर. एक बोल्ट सरकला की सगळं ७२ अंशांनी फिरतं आणि चेन ऐन जोराच्या वेळी चढायला बघते. माझी नवी रिंग दुकानातून बसवून आली ती अशीच सरकलेली. पिना असूनही करकर थांबेना, तेव्हा बाहेरच्या बाजूची एकुलती एक ठसठशीत पीन शोधली. ती क्रँक आर्मच्या, म्हणजे पॅडलच्या दांड्याच्या, मागे हवी होती, पण शेजारच्या बोल्टपाशी होती. फिरवून बसवली आणि त्याच संध्याकाळी आवाज गेला. या बाहेरच्या पिनेचं खरं काम वेगळंच आहे : चेन मोठ्या रिंगच्याही बाहेर पडली, तर ती रिंग आणि क्रँक आर्मच्या फटीत जाऊन अडकू नये. तिथे चेन एकदा रुतली की काढताना घाम फुटतो आणि क्रँकवर ओरखडे उठतात. लहान रिंगलाही आतल्या कडेला छोटं टोक असतं, तेही क्रँक आर्मच्या रेषेत आणायचं. चार बोल्टच्या नव्या शिमानो क्रँकवर बोल्टांमधलं अंतर असमान असल्यामुळे रिंग चुकीची बसतच नाही.

पावसाळ्यात खाचांमध्ये लाल चिखल आणि चेनचं तेल मिळून काळा घट्ट थर बसतो. तो साचला की चेन पुन्हा अडखळते. जुन्या टूथब्रशने आतून घासलं की झालं. काळा रंग दात्यांवरून कधीच गेला, पण गिअर बदलण्यात काहीही फरक नाही. जोर कमी करून चेन चढवायची सवय मात्र हवीच. उभं राहून पॅडल मारताना चेन चढवली तर कुठलीही रिंग आवाज करणार.

एका मित्राने विचारलं, की एमटीबीवर (माउंटन बाईकवर) असते तशी एक जाड-एक बारीक दात्यांची रिंग का नाही घेतली? स्रॅमने २०१२ मध्ये एक्सएक्स१ सोबत आणलेली ती रचना उत्तमच आहे. चेनमध्ये रुंद आणि अरुंद कड्या आळीपाळीने येतात, दातेही तसेच कापलेले, त्यामुळे चेन घट्ट धरली जाते. पण ती पुढे एकच रिंग असलेल्या सायकलसाठी. तिथे चेन सुटूच नये असं हवं असतं, इथे मागेल तेव्हा सुटावी असं. दोन रिंगांच्या क्रँकवर ती लावू नका.

नवीन रिंग घेणार असाल तर दुकानात ती उलटी करून आतली बाजू बघा, सोबत चेन किती ताणली आहे तेही मोजून घ्या. १०-स्पीड (मागे दहा चकत्या असलेल्या सायकलची) चेन मूळ लांबीपेक्षा ०.७५ टक्के ताणली गेली असेल तर आधी ती बदला, नाहीतर ती नव्या रिंगचे दाते लवकर खाऊन टाकेल.