मराठीत रोजचे मनन: यूव्हर्जनच्या बायबल ॲपची पारख

सकाळी फोनवर बायबलमधले वचन येते, ते घरच्या आणि मंडळीच्या (चर्चच्या) ग्रुपवर पुढे जाते, आणि दुपारी कुणी 'आजचे वचन कोणते होते?' असे विचारले तर सांगता येत नाही. यूव्हर्जनचे बायबल ॲप असलेल्या बऱ्याच मराठी घरांत हेच चालते. याला कारण ॲपची रचना आहे, तसेच सेटिंगला हात न लावता ते आहे तसेच वापरण्याची सवयही आहे. दुसरी गोष्ट अर्ध्या तासात सुधारता येते.

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातील लाइफ चर्च या मंडळीने २००८ साली हे ॲप काढले. ते फुकट आहे, त्यात जाहिराती नाहीत आणि नुसते वाचायला खातेही लागत नाही. खुणा, नोंदी आणि वाचनयोजना जपून ठेवायच्या असतील तरच खाते उघडावे. मराठी वाचकाला त्याचा एकच मोठा फायदा आहे: एका वचनाची वेगवेगळी मराठी भाषांतरे जागच्या जागी ताडून पाहता येतात. माझ्या मते बाकीच्या सोयी नसत्या तरी चालले असते.

आधी भाषा लावून घ्यावी. ॲपची भाषा आणि बायबलची आवृत्ती ही दोन वेगळी सेटिंग आहेत. त्यामुळे मेनू मराठी केला तरी शास्त्र इंग्रजीतच उघडू शकते. वाचनाच्या पानावर अध्यायाच्या नावाशेजारी आवृत्तीचे संक्षिप्त नाव दिसते. त्यावर बोट ठेवून भाषा मराठी निवडली की यादी उघडते. तिच्यात बायबल सोसायटी ऑफ इंडियाचे 'पवित्र शास्त्र' (पुनर्संपादित आर.व्ही., म्हणजे रिव्हाइज्ड व्हर्जन), इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन आणि मराठी समकालीन आवृत्ती या तिन्ही मिळतात.

स्तोत्र २३ मधली पहिली ओळ तिन्हींत काढून पाहा, फरक लगेच कळेल. बायबल सोसायटीच्या भाषांतरात 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' असे आहे. समकालीन आवृत्तीत 'परमेश्वर'च्या जागी 'याहवेह' येते आणि त्याला आदरार्थी अनेकवचन लागते. शुभवर्तमानातही एकीकडे 'येशू म्हणाला', तर दुसरीकडे 'येशू म्हणाले'. नव्याने वाचणाऱ्याला एकेरी रूप कानाला खटकते, हे खरे. पण मराठी भक्तीची सगळी बोली एकेरीच आहे. आपण देवाला 'अहो' म्हणत नाही, विठोबाही 'तू'च असतो. म्हणून पाठ करायला, मोठ्याने म्हणायला आणि प्रार्थनेत ओठांवर यायला बायबल सोसायटीचेच भाषांतर उत्तम. त्याला लय आहे, आणि उपासनेत कानावर पडलेली वाक्ये बहुधा तीच असतात.

समकालीन आवृत्ती मात्र हाताशी हवीच, विशेषतः प्रेषित पौलाने मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांसाठी. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातली ३ ते १४ ही वचने मूळ ग्रीकमध्ये एकच सलग वाक्य आहेत. त्याच्या जवळ राहणारे भाषांतर वाचताना दम लागतो, आणि कोण, कुणाला, कशासाठी हे निसटते. अशा वेळी वचनावर बोट ठेवायचे, खाली येणाऱ्या पट्टीतून तुलनेचा पर्याय घ्यायचा, सोप्या मराठीत अर्थ लावून घ्यायचा आणि परत बायबल सोसायटीच्या आवृत्तीवर यायचे. सोप्या मराठीची ही ओढ नवी नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे भाषांतर केले, ते साध्या घरगुती मराठीत वाचता यावे म्हणूनच. त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली ते छापून आले.

आता मननाविषयी. पहिल्या स्तोत्रातला धन्य पुरुष परमेश्वराच्या नियमशास्त्राचे रात्रंदिवस मनन करतो. तिथे मूळ हिब्रू शब्द 'हागा' आहे. त्याचा अर्थ पुटपुटणे, तोंडातल्या तोंडात घोळवणे. यशया ३१:४ मध्ये भक्ष्यावर बसलेल्या सिंहाच्या गुरगुरण्याला हाच शब्द येतो. म्हणजे मनन तोंडाने करायचे असते, आणि ॲप ते डोळ्यांचे आणि अंगठ्याचे काम करून ठेवते. उपाय साधा आहे: निवडलेला उतारा आवाज काढून तीनदा वाचा. पहिल्यांदा सलग. दुसऱ्यांदा प्रत्येक वचनाशी थांबत, क्रियापदावर जोर देत. तिसऱ्यांदा ज्या एका वाक्याशी मन अडले तेवढेच, तीन-चार वेळा. उताऱ्याची लांबी ८ ते १२ वचने ठेवली तर हे सगळे दहा-बारा मिनिटांत होते. एवढ्या वेळापुरता फोन 'व्यत्यय नको'वर टाकावा, नाहीतर तिसऱ्या वाचनाच्या मधोमध दूधवाल्याचा मेसेज येतो.

किती वाचावे यावरच बहुतेकांची गाडी अडते. ॲपमध्ये 'एका वर्षात संपूर्ण बायबल' अशा योजना आहेत आणि १ जानेवारीला त्या उत्साहाने सुरू होतात. हिशेब करून पाहू. पवित्र शास्त्रात १,१८९ अध्याय आहेत, म्हणजे दिवसाला सव्वातीन. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४० अध्याय संपवून २८ जानेवारीच्या सुमारास वाचक लेवीय या पुढच्या पुस्तकात शिरतो आणि अर्पणांच्या नियमांत अडकतो. चार दिवस चुकले की तेरा अध्याय साचतात, मग ते उरकण्यासाठी धावते वाचन होते, आणि फेब्रुवारीच्या मध्याला योजना सुटते. यात वाचकाच्या श्रद्धेत काही कमी असते असे मुळीच नाही. त्याने फक्त माप चुकीचे घेतलेले असते. नव्या कराराचे अध्याय २६० आहेत. आठवड्याला पाच घेतले की बरोबर ५२ आठवड्यांत पूर्ण होतात आणि दर आठवड्याला दोन दिवस मोकळे राहतात. चुकलेले भरून काढायला ते पुरतात.

वचनांच्या मापाने जायचे असेल तर स्तोत्र ११९ पासून सुरुवात करावी. त्याची १७६ वचने हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांवर आठ-आठ अशी बांधलेली आहेत, त्यामुळे दिवसाला एक कडवे घेतले की २२ दिवस झाले. याकोबाच्या पत्रात १०८ वचने आहेत, रोज नऊ घेतली तर बारा दिवस लागतात. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय तारखेप्रमाणे वाचण्याची जुनी पद्धतही चांगली, मात्र त्यातही एका बैठकीत सगळा अध्याय न घोळवता एकच सूत्र उचलावे.

ॲपवर माझा खरा आक्षेप आहे तो 'दिवसाचे वचन' या सोयीवर. सुंदर चित्रावर एकटे वचन येते, पुढचे-मागचे काही नसते. यिर्मया २९:११ घ्या. 'ते संकल्प हिताचे आहेत' हे वचन दहावीच्या निकालाच्या दिवशी, नोकरीच्या मुलाखतीला, लग्नात, सगळीकडे पाठवले जाते. पण ते बाबेलात (बॅबिलोनमध्ये) बंदिवान होऊन गेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातले आहे, आणि त्याच्या आधीच्याच वचनात सुटकेला सत्तर वर्षे लागतील असे स्पष्ट सांगितले आहे. त्याआधी पाचव्या वचनात घरे बांधून राहा, मळे लावून त्यांचे उत्पन्न खा, अशी आज्ञा आहे, आणि सातव्यात ज्या शहरात नेले गेलात त्याच्यासाठी प्रार्थना करा, अशी. गाव सोडून मुंबई-पुण्यात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला अकराव्यापेक्षा पाचवे आणि सातवे वचन जास्त उपयोगी पडेल. तो मजकूर चित्रावर मावत नाही. फिलिप्पैकरांस ४:१३ चेही असेच होते. 'मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे' हे परीक्षेच्या यशाचे वाक्य म्हणून वापरतात, पण आधीच्या दोन वचनांत पौल तृप्त असण्याबद्दल आणि भुकेला असण्याबद्दल बोलतो, आणि तेही बेड्यांत असताना. सूचना बंद करायची नसेल तर निदान एवढे करावे: वचन आले की संदर्भावर बोट ठेवून तो अध्याय उघडावा, पाच वचने आधीची आणि पाच नंतरची वाचावीत. त्यानंतरच कुणाला पाठवायचे ते ठरवावे.

दिवसांची सलग मोजणीही दुर्लक्षून चालावे. ॲप उघडले की दिवस मोजला जातो, वाचले की नाही ते ॲपला कळत नाही.

मराठीतल्या योजना इंग्रजीच्या मानाने मोजक्याच आहेत आणि बऱ्याचशा भाषांतरित. वाक्ये कळतात, पण उदाहरणे आपल्या घरातली नसतात. सासू-सुनेची धुसफूस, शेताच्या बांधावरून भावाशी मोडलेले बोलणे, पगाराआधी संपलेला महिना हे त्यांत सापडत नाही. शास्त्राचा उतारा योजनेतून घ्यावा, त्यावरचा लेख सोडून द्यावा आणि प्रश्न आपले आपण विचारावेत. याकोब १:१९ वर हे करून पाहण्यासारखे आहे: 'ऐकण्यास तत्पर, बोलण्यात धिमा, रागास मंद.' तीन गोष्टी, आणि क्रमही महत्त्वाचा. आधी ऐकणे आहे. ते जमले तर बोलणे आपोआप धिमे होते, आणि बोलणे धिमे झाले की राग शब्दांत उतरायला वेळ लागतो. आता दिवसातली एकच जागा ठरवायची. समजा, रात्री जेवताना मुलगा शाळेतले काही सांगत असतो तेव्हा त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत मध्ये बोलायचे नाही. 'आज शांत राहीन' असा मोघम निश्चय दुपारपर्यंत विरतो. वेळ, माणूस आणि कृती ठरलेली असली की रात्री त्याचा हिशेब घेता येतो. याच अध्यायात पुढे आरशात तोंड पाहून लगेच विसरणाऱ्या माणसाचा दाखला आहे, तो नेमका याचसाठी.

तो हिशेब लिहायला ॲपमधली नोंदीची सोय चांगली आहे. वचनावर बोट ठेवून नोंद उघडा आणि दोनच ओळी लिहा: तारीख व ठरवलेली कृती सकाळी, झाले की नाही ते रात्री. नोंद कुणाला दिसावी याचा पर्याय तिथेच असतो. घरच्या माणसांची नावे लिहिणार असाल तर ती खासगी आहे याची खात्री करून मगच जपून ठेवा. पिवळा, हिरवा, निळा असे रंग पानभर फासण्यापेक्षा ज्या वचनावर कृती ठरली तेवढेच रंगवावे, म्हणजे वर्षभराने पान उघडले की नेमके तेच दिसते.

शोधताना भाषांतराचा शब्दसंग्रह ध्यानात ठेवा. १ करिंथ १३ शोधायला 'प्रेम' लिहून भागत नाही, तिथे 'प्रीती' आहे. अक्षरांचा आकार आणि ओळींतले अंतर दोन्ही वाढवून घ्या. देवनागरीत वर मात्रा, खाली उकार, त्यामुळे दाट ओळी ज्येष्ठांना वाचवत नाहीत. ज्या आवृत्तीला आवाज जोडलेला आहे तिच्यापुढे स्पीकरची खूण असते, आणि जी उतरवून घेता येते तिच्यापुढे उतरवण्याची. लोकलमध्ये किंवा घाटात नेटवर्क जाते, म्हणून मजकूर घरीच उतरवून ठेवावा. चाळिशीच्या चष्म्याशिवाय वाचता न येणाऱ्यांना ऐकण्याची सोय फार मोलाची आहे, पण एका वेळी एकच अध्याय ऐकावा आणि त्यातले एक वाक्य मोठ्याने म्हणून मगच पुढे जावे.

कॅथॉलिक वाचकांनी आवृत्ती निवडताना पुस्तकांची यादी पाहून घ्यावी. प्रॉटेस्टंट परंपरेच्या बायबलमध्ये ६६ पुस्तके असतात, कॅथॉलिक बायबलमध्ये ७३. तोबित, सिराक, मक्काबी यांतला मिस्साचा (कॅथॉलिक उपासनेचा) पाठ ६६ पुस्तकांच्या आवृत्तीत सापडणार नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' छापील रूपात राजहंस प्रकाशनाने काढलेले आहे. मराठी मोकळी आहे आणि मोठ्याने वाचायला सुखाचे आहे. ते टेबलावर उघडे ठेवावे आणि ॲप केवळ ताडून पाहण्यापुरते घ्यावे.