संभाजीनगरच्या सातारा परिसरातल्या आलिशान फ्लॅटचा चौदा महिन्यांचा अनुभव: आधी पाण्याचा हिशेब मागा

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये ताबा घेतला, तेव्हापासून किमान वीस जणांनी विचारलं असेल, "घ्यावा का तिथं?" डिसेंबरपर्यंत मी डोळे झाकून हो म्हणत होतो. मे महिन्यात दोघांना स्पष्ट नको म्हणालो, त्यातल्या एकाने तर दिलेलं टोकन परत घेतलं. आता मत पुन्हा बदललंय, म्हणून सगळं एकदाच लिहून काढतो.

लोकेशन, लिफ्ट, क्लबहाऊस, जनरेटर हे ब्रोशरमध्ये होतं तसंच मिळालं. बीड बायपासच्या आतला शांत भाग, मागे डोंगर, खंडोबाचं देऊळ जवळ. संभाजीनगरात इतकी मोकळी हवा आणि बायपास हाताशी, असं दुसरीकडे मला तरी सापडलं नाही. बांधकामाबद्दल तक्रार नाही.

पैशांचं थोडक्यात सांगतो. कारपेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापराची जागा, 1,650 चौरस फूट, करारनामा 1 कोटी 42 लाखांचा. त्यात डोंगराकडची बाजू म्हणून चौरस फुटाला 150 रुपये जास्त, म्हणजे नुसत्या गॅलरीतल्या दृश्याचे अडीच लाख. कर्ज 75 लाखांच्या वर असलं की बँक किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंतच देते, आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी त्यात धरत नाही. साडेपस्तीस लाख स्वतःचे उभे केले, ते शुल्क वेगळं. काम चालू असताना घेतला म्हणून 5 टक्के जीएसटी, 7 लाख 10 हजार. खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाने भोगवटा प्रमाणपत्र (इमारत पूर्ण झाली, राहायला हरकत नाही असा दाखला) आल्यावर घेतला, त्यांना जीएसटी शून्य. भाव त्यांनी तीन लाखांनी जास्त दिला, तरी चार लाख वाचवले. मला ही घाई आजही सलते. खरेदी बायकोच्या एकटीच्या नावावर केली, त्याने मुद्रांक शुल्कात 1 टक्का वाचला. 50 लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात 1 टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या आयकराची आगाऊ कपात, आपणच बिल्डरच्या रकमेतून कापून भरायचा असतो, तेही आधीच माहीत करून घ्या.

हे सगळं एकदा भरलं की संपतं. पाण्याचं संपत नाही.

आमची भिस्त बोअर आणि टँकरवर. फ्लॅट दाखवणारा मुलगा म्हणाला होता, जायकवाडीच्या नव्या योजनेचं पाणी येतंच आहे. 2020 च्या डिसेंबरमध्ये 1,680 कोटींच्या त्या योजनेचं भूमिपूजन झालं, अडीच मीटर व्यासाचे पाइप पैठण रोडच्या कडेला मी स्वतः पाहिलेत, म्हणून मीही मान डोलावली. आमच्या टाकीत त्या योजनेचा थेंब अजून पडलेला नाही.

फेब्रुवारीत बोअर गळपटला. मेमध्ये दहा हजार लिटरचे पाच टँकर रोज. दर 1,400 वरून 2,000 वर गेला. महिन्याचे 3 लाख 10 हजार, 48 फ्लॅटांत वाटले तर प्रत्येकी जवळपास 6,450. मेंटेनन्स 7,425 आधीच होता. दोन्ही मिळून पावणेचौदा हजारांच्या पुढे. त्यात शेजारचे सीए म्हणाले, महिन्याची वर्गणी 7,500 च्या आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की 18 टक्के जीएसटीचा प्रश्न येतो. या वाढीव खर्चाची नोटीस लिफ्टमध्ये लागली त्या रात्री मी घर विकायचा विचार केला, खरंच.

त्याच आठवड्यात आई लातूरहून आली. पहाटे साडेपाचला टँकरचा आवाज आला की ती खाली जायची. टाकीच्या झाकणातून जाड पाइप सोडलेला, ड्रायव्हर फोनवर, आणि पाइपाच्या जोडातून पाणी उतारावरून थेट गटारीत. "हे पाणी कुठून यायलंय रे?" तिने मला विचारलं. टँकर कुठल्या विहिरीवर भरतो हे मला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने जोडाखाली बादली ठेवली. एक टँकर रिकामा होईतो तीन बादल्या भरल्या. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तेव्हा घागर घेऊन रांगेत उभी राहिलेली बाई आहे ती. तिच्यासमोर मला लाज वाटली.

मग हिशेबाला बसलो. माणशी रोज 135 लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं सरकारी प्रमाण. 48 घरं, सरासरी चार माणसं, म्हणजे 26 हजार लिटर. आम्ही 50 हजार ओतत होतो. उरलेले 24 हजार जात होते हिरवळीला, पोहण्याच्या तलावाला आणि छतातल्या शॉवरला. या शॉवरसाठी मी जास्तीचे पैसे मोजले होते. खाली 18 लिटरची बादली धरून बघितली: एका मिनिटाच्या आत काठोकाठ. वर टँकरच्या पाण्यातल्या क्षारांनी त्याची निम्मी छिद्रं बुजलेली. मुलाच्या अंघोळीला दहा मिनिटं लागतात. गुणाकार करून बघा.

खरा संताप यानंतर आला. गच्चीवरून पावसाचं पाणी उतरवणारा पाइप बोअरपर्यंत आणून सोडून दिला होता. पाइपाचं तोंड मातीवर, बोअरला जोड नाही, गाळणी नाही. राज्याच्या बांधकाम नियमावलीनुसार 500 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या नव्या बांधकामाला पर्जन्यजल संकलन सक्तीचं आहे. ब्रोशरमध्येही ते होतं. बिल्डरच्या ऑफिसात चार चकरा मारल्या. उत्तर एकच: "सोसायटी तुमच्या ताब्यात आली की तुम्ही करून घ्या." आणि सोसायटी नोंदवायला तेच टाळाटाळ करत होते.

शेवटी लेखी पत्र दिलं. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम 14(3) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामात किंवा सेवांमध्ये दोष निघाला, तर कळवल्यापासून 30 दिवसांत बिल्डरने तो फुकट दुरुस्त करायचा असतो. 31 घरांच्या सह्या घेतल्या. बाविसाव्या दिवशी प्लंबर आला. तोंडी भांडणात मी नुसता वेळ घालवला, काम एका कागदाने केलं. पहिल्या आठवड्यातच पत्र द्या.

आमची गच्ची साधारण 900 चौरस मीटर. इथे वर्षाला सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. 20 टक्के वाया धरला तरी 5 लाख लिटर उतरतं. लातूरला आलेल्या पहिल्या रेल्वेत दहा वाघिणींत एवढंच पाणी होतं. हे आईला फोनवर सांगितलं तर ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "आणि तुम्ही ते गटारीत सोडत होता?"

म्हणून मत बदललं. जूनपासून पाणी बोअरमध्ये मुरतंय. शॉवरना प्रवाह कमी करणाऱ्या चकत्या टाकल्या, हिरवळ निम्मी काढून तिथे कडुलिंब आणि बहावा लावला. वापर 34 हजारांवर आलाय. या महिन्यात रोज दोनच टँकर. घर तेच, डोंगर तोच, फक्त महिन्याचा ताण निम्म्याने उतरलाय. तलाव उन्हाळ्यात बंद ठेवण्यावर अजून भांडणं चालू आहेत, आणि तिथे मी मागे हटणार नाही. लोकांची लेकरं नळाची वाट बघत असताना आम्ही टँकरने तलाव भरायचा, हे मला पटत नाही.

या भागात घेणार असाल तर सॅम्पल फ्लॅटआधी गेल्या मे महिन्याची टँकरची बिलं मागा, मीटरची नोंदवही मागा. नाही म्हणाले तर सही करू नका.

टोकन परत घेतलेल्या मित्राला परवा फोन केला. चौथ्या मजल्यावरचा एक फ्लॅट विक्रीला आलाय, भोगवटा प्रमाणपत्रासकट. रविवारी तो बघायला येतोय. आधी त्याला तळघरातली टाकी दाखवणार आहे.