कल्याण ते नागपूर: समृद्धी की विमान? काही महिन्यांचा अनुभव

इगतपुरी ते आमणे (भिवंडीजवळ) हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि समृद्धी महामार्ग सलग ७०१ किलोमीटरचा झाला. आई-बाबा नागपूरला, आम्ही कल्याणला. तेव्हापासून कधी गाडीने, कधी विमानाने आमच्या फेऱ्या चालू आहेत.

‘आठ तासांत नागपूर’ हे खरं आहे, पण ते आमणे ते नागपूरच्या वेशीवरचं शिवमडका. घरापासून घरापर्यंत आम्हाला साडेनऊ-दहा तास लागतात. कारला सपाटीवर ताशी १२०ची मर्यादा असली तरी मी शंभरच्या आसपासच ठेवतो. काँक्रीटच्या रस्त्यावर, भर उन्हात टायर किती तापतात ते हात लावून पाहिलंय. निघण्याआधी हवा तपासायचीच, आणि टायर जुने असतील तर या रस्त्यावर जाऊच नये.

विमान हवेत जेमतेम दीड तास असतं. पण कल्याणहून मुंबई विमानतळ गाठायला दोन तास हाताशी ठेवावे लागतात, तिथे दीड तास आधी पोचायचं, उतरल्यावर सामानाची वाट पाहायची, मग नागपूरच्या सोनेगाव विमानतळाहून घर. सगळं धरून सहा तास. म्हणजे वाचतात साडेतीन-चार तास. अंधेरी-पार्ल्यात राहणाऱ्याचे याहून बरेच जास्त वाचतील. त्याने गाडीचा विचार कशाला करावा?

अंतराची गंमत वेगळीच आहे. मुंबई-नागपूर हवाई अंतर सातशेच्या थोडं आत, सीएसएमटीहून रेल्वेने ८३७ किलोमीटर, आणि समृद्धी ७०१, अर्थात तेही मुंबईपासून नाही, आमण्यापासून. तरी रस्ता इतका सरळ आखलाय की रेल्वेपेक्षा अंतर बरंच कमी पडतं. इगतपुरीजवळच्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसारा घाटही टळतो. पावसाळ्यात, मागच्या सीटवर बाबा असताना, मला या बोगद्याचं मोल सगळ्यात जास्त वाटलं.

हाच सरळपणा धोक्याचाही आहे. जालना ओलांडलं की मेहकर, मालेगाव (वाशिम जिल्ह्यातलं), कारंजा या पट्ट्यात तासन्‌तास स्टीअरिंग फारसं हलत नाही आणि डोळे उघडे असूनही लक्ष सुटतं. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ माणसं गेली. तिथून जाताना घरातलं कुणी बोलत नाही. रात्री मी हा रस्ता घेत नाही. पहाटे पाचला निघायचं, दर दोन तासांनी थांबायचं, आणि चालवणारे दोघं असतील तर उत्तमच.

थांबायच्या जागा अजूनही कमी वाटतात, स्वच्छतागृहं तर सगळीकडे धड नसतात. डबा, भरपूर पाणी आणि टाकी भरलेली, एवढं घेऊनच चढावं. जेवायला शिर्डीच्या इंटरचेंजला खाली उतरलात तर वेळेत तास धरा.

खर्चाचं म्हणाल तर पूर्ण रस्त्याचा कारचा टोल साधारण १४५० रुपये, वर पेट्रोल पाचेक हजारांचं. चौघं असू तर विमानापेक्षा कितीतरी स्वस्त, आणि दिवाळीत तिकिटांचे दर पाहिले की प्रश्नच मिटतो. एकटं जायचं असेल तर मी सरळ विमान घेतो, तेही सकाळचं. दुपारच्या जेवणाला घरी पोचतो. आईला मुंबईत डॉक्टरांना दाखवायला आणायचं असतं तेव्हा मात्र गाडीच. तिला हवं तिथे थांबता येतं, पाय मोकळे करता येतात.

परतीला रविवार संध्याकाळ टाळा. आमण्याला उतरल्यावर भिवंडीच्या कोंडीत जो वेळ जातो, तो कुठल्याच ‘आठ तासां’त धरलेला नसतो.